शेफील्डच्या पबमधल्या नाताळगीतांचं कूळ

इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराजवळ स्टॅनिंग्टन, डंगवर्थ, वॉरल अशी गावं आहेत. तिथल्या काही पबमध्ये ११ नोव्हेंबरच्या युद्धस्मृतिदिनानंतरच्या रविवारपासून नाताळच्या दुसऱ्या दिवसापर्यंत माणसं दाटीवाटीनं उभी राहून नाताळगीतं गातात. तिकीट नाही, तालीम नाही. ज्याला गायचंय त्यानं आत शिरावं आणि सूर मिसळावा. हे पाहणाऱ्याला वाटतं, की ही ख्रिस्तपूर्व काळापासून चालत आलेली लोकरीत असावी. चाली तपासल्या, की हा समज टिकत नाही. हे गाणं चर्चमधलं आहे, मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं आहे आणि त्याचा बराच भाग छापील पुस्तकांतून आलेला आहे.

सर्वांत बोलका पुरावा 'व्हाइल शेफर्ड्स वॉच्ड' या गीताचा. नहुम टेटचे हे शब्द १७०० साली स्तोत्रसंग्रहाच्या पुरवणीत छापले गेले. अँग्लिकन चर्चमध्ये तेव्हा बायबलमधल्या स्तोत्रांची पद्यरूपंच गायची शिस्त होती. नाताळसाठी मुभा मिळालेलं गीत जवळपास हे एकच. त्यामुळे गावोगावच्या हौशी संगीतकारांनी आपली हौस याच शब्दांवर भागवली आणि त्यांना असंख्य चाली लागल्या. शेफील्डकडे आजही एका बैठकीत हे गीत वेगवेगळ्या चालींत येतं. त्यांतली 'क्रॅनब्रुक' ही चाल कँटरबरीच्या थॉमस क्लार्क या चांभारानं रचली, ती १८०५ साली छापली गेली. हे संगीत चर्चच्या मागच्या गॅलरीतून, व्हायोलिन आणि बॅसून या वाद्यांच्या साथीनं गायलं जाई. एका आवाजानं ओळ उचलायची, इतरांनी मागून येऊन ती गाठायची, अशी त्याची ढब. एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांना हा गलबला वाटला. त्यांनी ऑर्गन आणि झगेधारी गायकवृंद आणले, आणि १८६१च्या 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न' या स्तोत्रपुस्तकानं 'व्हाइल शेफर्ड्स वॉच्ड'ला 'विंचेस्टर ओल्ड' ही संथ चाल दिली. गॅलरीतले गायक-वादक बेदखल झाले. थॉमस हार्डीची १८७२ची कादंबरी 'अंडर द ग्रीनवुड ट्री' त्यांच्याच विषयी आहे.

म्हणजे चर्चनं हाकललं आणि पबनं तारलं, असं म्हणायचं का? ते अर्धंच खरं. या भागातल्या मेथडिस्ट या वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या चॅपलांनीही या चाली जपल्या. चॅपल आणि पब यांत जाणारी माणसं पुष्कळदा तीच असत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कर्ता माहीत, चाल छापलेली, मग ही लोकपरंपरा कशी? पण गाणं लोकांचं होतं ते कर्ता विस्मृतीत गेल्यामुळे नव्हे. काय गायचं, कसं गायचं, हे गाणारे ठरवतात म्हणून. १९६९पासून या गावांत अभ्यास करणारे इयन रसेल यांनी दाखवलं, की शेजारशेजारच्या गावांचा गीतसंच आणि गायची रीतही वेगळी असते. इंग्लंडमधल्याच कॉर्नवॉल भागातही छापील गाणं असं लोकांचं झालेलं दिसतं. तिथल्या इलोगन गावच्या थॉमस मेरिटची नाताळगीतं छापील होती, तरी कॉर्नवॉलच्या खाणकामगारांनी ती कॅलिफोर्नियातल्या ग्रास व्हॅलीपर्यंत नेली आणि तिथे आपली म्हणून गायली.

तेव्हा या रीतीला खोटं प्राचीनत्व चिकटवू नये. चर्चनं टाकून दिलेलं गाणं गावकऱ्यांनी सोडलं नाही, हेच तिचं खरं कूळ, आणि ते पुरेसं थोर आहे.