उच्च दाबाखालील कंपन वर्णपटविज्ञान

स्फटिकातील अणू आपापल्या जागी सतत कंप पावत असतात. बंध किती ताठ आणि अणू किती जड, यांवर कंपनाची कंप्रता ठरते. स्फटिक दाबला की अणू जवळ येतात, बहुतेक बंध ताठ होतात आणि कंप्रता वाढते. हे बदल प्रकाशाने मोजून स्फटिकाच्या रचनेचा माग काढणे हा या शाखेचा विषय होय. रामन प्रकीर्णन व अवरक्त शोषण या तिच्या मुख्य पद्धती. सममितीमुळे एकीत न दिसणारे कंपन पुष्कळदा दुसरीत दिसते, म्हणून दोन्ही लागतात.

दाब देण्याचे साधन म्हणजे हिऱ्यांची ऐरण. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये वियर, लिपिनकॉट, व्हॅन व्हाल्केनबर्ग व बंटिंग यांनी ती घडवली, तीच मुळी अवरक्त वर्णपट घेण्यासाठी. त्यांचा निबंध १९५९ साली आला. हिरा अतिकठीण आणि पारदर्शकही, हा योग फार मोलाचा. दोन हिऱ्यांच्या सपाट टोकांमध्ये भोक पाडलेला धातूचा पत्रा असतो. भोकात नमुना, दाब सर्व बाजूंनी सारखा पडावा म्हणून हेलियम किंवा निऑन, आणि माणकाचा एक कण ठेवतात. माणकाची ६९४ नॅनोमीटरजवळची प्रकाशरेषा दर गिगापास्कलला (सुमारे १०,००० वातावरण) साधारण ०.३६५ नॅनोमीटर सरकते; १९७२ पासून दाब मोजण्यासाठी ती वापरात आहे.

काही कंपने दाबाने उलट मंदावतात, आणि खरी माहिती बहुधा तिथेच मिळते. कंप्रता शून्याकडे झुकू लागली, तर ती रचना डळमळीत होऊन प्रावस्था बदलण्याच्या बेतात असते. बर्फाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. त्यात प्रत्येक हायड्रोजन एका ऑक्सिजनला घट्ट, तर शेजारच्याला सैल बांधलेला असतो. दाब वाढला की सैल बंध बळकट होतो, मूळचा बंध ढिला पडतो आणि त्याच्या ताणाची कंप्रता घसरत जाते. अखेर हायड्रोजन दोन ऑक्सिजनांच्या बरोबर मध्यावर येतो. ही स्थिती सुमारे ६० गिगापास्कलला येत असल्याचा अवरक्त पुरावा १९९६ मध्ये मिळाला. क्ष-किरणांना हायड्रोजन जेमतेम दिसतो. त्यामुळे येथे वर्णपटाला तोड नाही. घन हायड्रोजनमध्येही १५० गिगापास्कलजवळ रेणूच्या कंपनाची कंप्रता एकदम घसरते, हे १९८८ मध्ये रामन वर्णपटानेच दाखवले.

रामन प्रकीर्णनाचा शोध सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात १९२८ साली लावला. रामन यांच्याबरोबर काम केलेले ए. जयरामन यांनी पुढे हिऱ्यांच्या ऐरणीवर १९८३ मध्ये लिहिलेला समीक्षालेख अभ्यासकांनी आवर्जून वाचावा असा आहे. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही या विषयावर काम होते.

पद्धतीला मर्यादा आहेत. हिऱ्याची स्वतःची रामन रेषा (१,३३२ प्रति सेंमी.) आणि त्याचे अवरक्त शोषण नमुन्याचे संकेत झाकतात. शिवाय वर्णपटावरून बदल झाल्याचे व सममितीचे कळले, तरी अणूंची नेमकी स्थाने कळत नाहीत. त्यासाठी क्ष-किरण विवर्तन व सैद्धांतिक गणिताची जोड लागतेच.