रांग, टोकन आणि तीन काउंटर

पहाटे उठून पासपोर्ट कचेरीच्या दारात रांग धरायची, एजंटाला हाताशी धरायचे आणि खिडकी बंद झाली की दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर व्हायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. ती मोडण्याच्या पहिल्या प्रयोगांपैकी एक बंगळुरूत झाला. 2008 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसशी करार केला आणि मे 2010 मध्ये या शहरात पासपोर्ट सेवा केंद्र उघडले.

लोकांच्या लक्षात राहते ती घरबसल्या वेळ घेण्याची सोय. खरी करामत दाराच्या आत आहे. 'ए' काउंटरवर कंपनीचे कर्मचारी फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, कागद स्कॅन करतात. 'बी'वर सरकारी अधिकारी कागद तपासतो, 'सी'वर मंजुरीचा निर्णय होतो. कुणाचे काम झटपट उरकते, तर कुणाच्या जन्मदाखल्यातले नाव जुळत नाही आणि घोळ लांबतो. पण अर्जदार एकाच खिडकीला बांधलेला नसतो. जे काउंटर मोकळे होईल त्याचा आकडा टोकन क्रमांकासोबत फलकावर झळकतो. त्यामुळे एकीकडे खोळंबा असताना शेजारचा अधिकारी रिकामा बसत नाही. सकाळी ठरलेली वेळ दिवसभर अशी सावरून घेतली जाते.

भेटीच्या वेळा आखण्याचा हा हिशेब बराच जुना आहे. 1952 मध्ये वेल्च आणि नॉर्मन बेली यांनी ब्रिटनमधल्या बाह्यरुग्ण विभागांवर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. सगळ्यांना एकाच वेळी बोलावले की डॉक्टरचा क्षण वाचतो आणि रुग्णाचा दिवस जातो. त्यांनी सुचवले, की आरंभी दोघांना बोलवा आणि पुढे सरासरी तपासणीला लागते तेवढ्या अंतराने एकेकाला. त्यात डॉक्टरने वेळेवर येणे गृहीत होते. सगळे घोडे अडते ते तिथेच!

2008 मध्येच बंगळुरूत शशांक एन. डी. आणि अभिनव लाल यांनी 'प्रॅक्टो' ही कंपनी सुरू केली. दवाखान्याच्या वेळा संगणकावर आल्या, रुग्णांना एसएमएसने आठवण जाऊ लागली.

सरकारी रुग्णालयांत 2022 पासून क्यूआर कोड स्कॅन करून नोंदणीचे टोकन मिळू लागले, हे चांगलेच झाले. मात्र ते टोकन नोंदणीच्या खिडकीपुरते असते. तपासणीची खोली, रक्ताची चाचणी आणि औषधांची खिडकी यांनाही त्याच क्रमांकाने जोडायला हवे. पासपोर्टसाठी सरकारने हे करून दाखवले आहे. आजारी माणसासाठी ते आधी करायला हवे होते.