छळ आणि दिलासा

'सासरी तिचा छळ होतो' हे मराठी वाक्य ऐकून गुजराती शेजारी क्षणभर बुचकळ्यात पडावा. त्याच्याकडे छळ म्हणजे कपट. हिंदी 'छल'ही तोच, आणि संस्कृतातही: गीतेच्या दहाव्या अध्यायात द्यूताला मान मिळतो तो छल करणाऱ्यांमध्ये. मग आपल्याकडे 'ल'चा 'ळ' होताना कपटाची यातना कशी झाली? जवळच्याच माणसाने रोज फसवले की त्या फसवणुकीचाच जाच होतो, असा प्रवास असावा. 'सासुरवास' शब्दाचेही तसेच दिसते. मुळात नुसता सासरचा वास, पण आज तो उच्चारला की त्रासच आठवतो.

न्यायशास्त्रात छलाचा अर्थ अधिक नेमका आहे: बोलणाऱ्याच्या शब्दांना त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवून त्याला खोटे पाडणे. त्याचे तीन प्रकार, पैकी वाक्छलाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. एकजण कुणाला 'नवकंबल' म्हणतो, म्हणजे नवी घोंगडी पांघरलेला. प्रतिवादी विचारतो, नऊ घोंगड्या कुठे आहेत? आता 'दोन दिवस आईकडे जाऊन येते' यावर 'म्हणजे तुला संसारच मोडायचाय' हे उत्तर ठेवून पाहा. हाही वाक्छलच. वर्षानुवर्षे तो सोसणाऱ्या बाईचा स्वतःच्या शब्दांवरचा विश्वास उडू लागतो.

म्हणून समुपदेशकाने केवळ वळ शोधू नयेत. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे प्रकार सांगितले. आपला 'छळ' त्या सगळ्यांना पुरतो. अशा वेळी दोघांना समोरासमोर बसवले की छलात तरबेज असलेला जिंकतो, आणि तिथे ती जे बोलली ते घरी तिच्यावर उलटते. तिला एकटीला भेटावे, घरी परतणे सुरक्षित आहे का ते आधी विचारावे, तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत टिपावे. 'समुपदेशन' शब्दात उपदेश दडला आहे खरा, पण त्याच्याही तळाशी 'दिश्' धातू आहे, म्हणजे दाखवणे. वाटा दाखवाव्यात, कोणती धरायची ते तिने ठरवावे.

फारसीने दिलेला शब्द मला अधिक जवळचा वाटतो. 'दिलासा'मध्ये दिल आहे आणि 'आसूदन', म्हणजे विसावणे, या क्रियापदाचा 'आसा' असावा. मुंबई महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हिंसापीडित स्त्रियांसाठी केंद्र काढले, त्याचे नाव हेच. जखमेवर उपचार घ्यायला आलेल्या बाईला समुपदेशक त्याच रुग्णालयात भेटावी, ही त्यामागची कल्पना. पुढे शहरातल्या इतर रुग्णालयांनीही ती उचलली.