रोमन अंकांचा हिशेब

इसवी सन ९ मध्ये जर्मनीच्या अरण्यात वारुस या रोमन सेनापतीच्या तीन पलटणी समूळ कापल्या गेल्या, आणि त्या संहारात पडलेल्या मार्कुस काएलिउस नावाच्या शताधिपतीचे स्मारक त्याच्या भावाने उभारले; ऱ्हाइनकाठी क्सांटेनजवळ सापडलेला तो शिलापट्ट आज बॉन येथील संग्रहालयात आहे. त्यावर त्याच्या पलटणीचा क्रमांक अठरा कोरलेला आहे तो असा : आधी एक्स, मग दोन आय, मग पुन्हा एक्स, म्हणजे विसाला दोन कमी. त्याचे वय एल, तीन आय आणि शेवटी अर्ध्याची खूण म्हणून एस अशा अक्षरांनी साडेत्रेपन्न दिलेले आहे. हा अठरा आजच्या एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिला, तर मास्तर त्यावर लाल रेघ ओढल्यावाचून राहणार नाहीत. रोमच्या कोलोसियममध्येही चव्वेचाळिसाव्या दरवाज्यावर एक्स, एल आणि पुढे चार आय आहेत; दशकाच्या घरात वजाबाकी साधली आहे, एककाच्या घरात मात्र चार दांड्या सरळ उभ्या केल्या आहेत, आणि एकाच आकड्यातील या विसंगतीचे त्या पाथरवटाला किंवा त्याच्या धन्याला काही वैषम्य वाटल्याचे दिसत नाही.

शाळेत शिकवला जाणारा काटेकोर नियम, म्हणजे आय हा केवळ व्ही आणि एक्स यांच्यापूर्वी, एक्स हा एल आणि सी यांच्यापूर्वी, सी हा डी आणि एम यांच्यापूर्वी, आणि तोही एकदाच यावा, ही उत्तरकालीन टापटीप आहे. ती पत्करली म्हणजे रूपांतर सोपे होते. आपल्या आकड्याचे सहस्र, शतक, दशक, एकक असे तुकडे पाडावे आणि एकेकाची अक्षरे क्रमाने मांडावी. उलट वाचताना डावीकडून बेरीज करीत जावे आणि लहान अक्षर मोठ्याच्या आधी आले तर ते वजा करावे. शिवाजीमहाराज आग्र्याहून निसटले ते १६६६ साल या रीतीने लिहिले, तर एम, डी, सी, एल, एक्स, व्ही, आय अशी सातही अक्षरे उतरत्या क्रमाने एकेकदा येतात. १८८८ ला मात्र तब्बल तेरा अक्षरे लागतात.

आता प्रश्न असा येतो की, असल्या लांबलचक अक्षरमालांनी त्या विशाल साम्राज्याचा जमाखर्च चालला तरी कसा. रोमन अंकांनी गुणाकार करून पाहावा आणि मग त्या लोकांची कीव करावी, असा एक प्रघात पडला आहे. परंतु तो मुळातच चुकीचा आहे, कारण गणित त्या अंकांवर होतच नव्हते. ते होत असे आखलेल्या पटावर, खडे मांडून. अंक केवळ उत्तर दप्तरी नोंदवण्यापुरते. सत्तावीस आणि अडतीस यांची बेरीज घ्या. दोन्हींचे खडे एकत्र केले की दहाचे पाच, पाचाचे दोन आणि एकाचे पाच होतात. दहाच्या पाच खड्यांऐवजी पन्नासाचा एक, पाचाच्या दोघांऐवजी दहाचा एक, एकाच्या पाचांऐवजी पाचाचा एक ठेवला की एल, एक्स, व्ही, म्हणजे पासष्ट, समोर तयार. हातचा धरावा लागत नाही, पाढा आठवावा लागत नाही.

ही पद्धत रोमबरोबर अस्तास गेली नाही. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने तेथील खजिन्याच्या कचेरीचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यात दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद मेजावर रेषा आखलेले वस्त्र अंथरून, त्याच्या रकान्यांत पेन्स, शिलिंग, पौंड, विसा, शेकडा, हजार असे खडे मांडून परगण्यांच्या वसुलीचा झाडा कसा घेत ते सापडते. खड्यांनी निघालेली बाकी कारकून रोमन अंकांत चर्मपत्रावर उतरवी.

खरा फेरफार झाला तो भारतात. आपल्याकडेही प्रारंभी दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हेच होती. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात यज्ञांच्या दक्षिणेतील गाई, घोडे आणि कार्षापणे यांची गणती अशाच अंकांत आहे. पुढे स्थानावरून किंमत ठरू लागली, रिकाम्या स्थानाला शून्य मिळाले, आणि ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने त्या शून्याशी करावयाच्या क्रियांचे नियमही सांगितले. माझ्या मते या शोधाचे मर्म असे की, पटावरचे रकाने, रिकाम्या रकान्यासकट, कागदावर आले. खडे मांडणारा आणि लिहिणारा असे दोन कामगार ठेवण्याचे कारण उरले नाही.

पिसा येथील लिओनार्दो, ज्याला आपण फिबोनाची म्हणतो, तो बाप उत्तर आफ्रिकेतील बुजिया बंदराच्या जकातखान्यात नोकरीस असल्यामुळे पोरवयातच तेथे गेला आणि हे अंक शिकला. १२०२ मधील त्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात रोमन आकडा आणि त्यापुढे भारतीय अंकांतील तोच आकडा, १२३४, ४३२१ असे, मांडलेले आहेत. रूपांतराचे कोष्टक म्हणतात ते हेच.

तरीही सराफांनी हे नवे अंक सहजी पत्करले नाहीत. १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफ-संघाने आपल्या वह्यांत रकमा अंकांनी न लिहिता अक्षरांनी, उघड आणि विस्ताराने लिहाव्यात असा दंडक घातला. शून्याला शेपटी जोडली की सहा किंवा नऊ होतो, हे ज्याने पेढीवर दिवस काढले त्याला सांगावे लागत नाही. रोमन आकड्यातही लबाडीला वाव होताच, म्हणून मध्ययुगीन कारकून शेवटचा आय लांब शेपटीचा, जे सारखा, काढीत, म्हणजे त्यापुढे आणखी एक दांडी घुसडता येऊ नये. आपले हुंडी लिहिणारे मुनीम रक्कम आकड्यांत, मग अक्षरी, आणि शिवाय ‘निमे इतके, त्याची दुप्पट’ असे लिहून तीनदा बंदोबस्त करीत, तो याच भयापोटी.

फ्लॉरेन्सच्याच मेदिची घराण्याच्या वह्यांत १४३९ पासून जमेच्या रकान्यात नवे अंक आले. खर्चाच्या बाजूला रोमन अंक त्यानंतरही चाळीसएक वर्षे तग धरून होते. १४९४ पासून त्यांच्या सगळ्या वह्या नव्या अंकांतच लिहिल्या जाऊ लागल्या.