गूरो आणि फाँग: संगणकाच्या पडद्यावर गोलाई कशी अवतरली

१/१०
संगणकावर त्रिमितीय आकृती घडवणाऱ्यांच्या कानांवरून 'गूरो शेडिंग' आणि 'फाँग शेडिंग' हे शब्द कधी ना कधी जातातच. ते केवळ तांत्रिक शब्द वाटतात. वस्तुतः ती दोन माणसांची नावे आहेत. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी दोघेही अमेरिकेतील युटा विद्यापीठात संशोधक विद्यार्थी होते. एकाचे काम कोठे थांबले आणि दुसऱ्याने ते कोठून पुढे नेले, हे समजले की या शास्त्राचे एक मूलतत्त्वच उलगडते.

२/१०
सॉल्ट लेक सिटी येथील या विद्यापीठात डेव्हिड इव्हान्स यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकशास्त्राचा विभाग उभा केला. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड तेथे दाखल झाले. संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेखाटन करता येते, हे त्यांनी १९६३ मध्येच 'स्केचपॅड'द्वारे सिद्ध केले होते. रेषांपलीकडे जाऊन भरीव वस्तूचे खरे वाटेल असे चित्र उमटवणे, हे आता या विभागापुढील आव्हान होते.

३/१०
संगणकाला वस्तू दिसत नाही, त्याला आकडे कळतात. अवकाशातील बिंदूचे स्थान तीन आकड्यांनी सांगितले, की तो झाला 'व्हर्टेक्स', अर्थात शिरोबिंदू. दोन शिरोबिंदूंना जोडणारी रेषा म्हणजे 'एज', म्हणजेच कडा. कडांनी वेढलेला सपाट तुकडा म्हणजे 'पॉलिगॉन', अर्थात बहुभुज. अशा तुकड्यांची सलग जाळी म्हणजे 'मेश'. आजच्या चित्रपटांतील आणि खेळांतील असंख्य पात्रे मुळात अशा जाळ्याच असतात.

४/१०
त्या काळी ही जाळी हातानेच विणावी लागे. आँरी गूरो यांनी पत्नी सिल्वी यांच्या चेहऱ्यावर रेषा आखून बहुभुज पाडले आणि त्यांची मोजमापे संगणकात भरली. १९७२ मध्ये एड कॅटमुल यांनी स्वतःच्या डाव्या हाताचा प्लास्टरचा साचा घेतला आणि त्यावर शाईने सुमारे ३५० बहुभुज रेखले. त्याच सुमारास सदरलँड यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या घरची फोक्सवॅगन बीटल मोटार अशीच आखून मोजून काढली.

५/१०
अडचण पुढेच होती. जाळीतील प्रत्येक तुकडा सपाट असल्याने त्याला एकच छटा मिळे आणि गाल गोल न दिसता हिऱ्याच्या पैलूंसारखा दिसे. उजेड एकदम बदलतो त्या सीमा मानवी डोळा आहेत त्याहून ठळक करून पाहतो. त्यामुळे प्रत्येक जोड उठून दिसे. तुकडे अनेक पटींनी वाढवावेत, तर तेव्हाच्या संगणकांची स्मरणक्षमता तोकडी होती.

६/१०
गूरो यांनी १९७१ मध्ये मार्ग काढला. जाळीला हात न लावता त्यांनी उजेडाची गणना बदलली. प्रत्येक शिरोबिंदूपाशी प्रकाश किती पडतो ते काढायचे आणि मधल्या जागेत एका छटेतून दुसरीत हळूहळू जायचे. तुकडे सपाटच राहिले, पण त्यांचे जोड नजरेआड झाले. आकार थोड्या बिंदूंत मांडावा आणि गोलाई प्रकाशाच्या गणिताने भासवावी, हे तत्त्व येथे स्पष्ट झाले.

७/१०
तरीही एक उणीव राहिली. मातीच्या माठावर उजेड सर्वत्र विखुरतो. घासलेल्या पितळी तांब्यावर मात्र एक लख्ख ठिपका चमकतो. हा ठिपका एखाद्या बहुभुजाच्या मध्यभागी पडायचा असेल, तर गूरो पद्धतीला तो सापडतच नसे, कारण तिची गणना केवळ टोकांपाशी होई. परिणामी धातूही खडूसारखा निस्तेज दिसे.

८/१०
हा पेच बुई तुआंग फाँग यांनी सोडवला. १९४२ मध्ये हनोई येथे जन्मलेल्या फाँग यांनी १९७३ मध्ये युटा येथे आपला प्रबंध पूर्ण केला. पृष्ठभागाची दिशा दाखवणाऱ्या लंबरेषेला 'नॉर्मल' म्हणतात. फाँग यांनी तुकड्यावर छटा न पसरवता ही दिशाच क्रमाक्रमाने वळवत नेली आणि चित्राच्या प्रत्येक ठिपक्यापाशी प्रकाश नव्याने मोजला. सभोवारचा उजेड, विखुरलेला प्रकाश आणि चकाकी अशा तीन भागांची बेरीज त्यांनी मांडली. त्यातील एक घातांक वाढवला, की चकाकीचा ठिपका लहान आणि तीव्र होतो.

९/१०
या सफाईची किंमत होती ती वाढलेल्या गणनेची. जिम ब्लिन यांनी १९७७ मध्ये चकाकीचे गणित वेगळ्या रीतीने मांडले. ते 'ब्लिन-फाँग' या जोडनावाने रूढ झाले. मर्यादाही होती. पृष्ठभाग कितीही गुळगुळीत भासला, तरी आकृतीची बाह्यरेषा जाळीचीच असते. जुन्या संगणकीय खेळांतील पात्राच्या चेहऱ्यावर छटा मऊ दिसतात आणि डोक्याची कड मात्र टोकदार राहते, ती याचमुळे.

१०/१०
फाँग यांचा शोधनिबंध जून १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. वास्तवाची तंतोतंत प्रत काढणे हा आपला दावा नाही, पाहणाऱ्याला पुरेसे खरे वाटावे इतकेच साध्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ३२ वर्षांचे होते. व्हिएतनामी रीतीप्रमाणे 'बुई' हे घराण्याचे नाव आणि 'फाँग' हे व्यक्तिनाम. गूरो यांचे आडनाव या शास्त्रात राहिले. फाँग यांचे मात्र घरचे लोक हाक मारत ते नाव राहिले. प्रकाशाचे अधिक अचूक गणित आज उपलब्ध आहे, तरी या विषयाच्या पहिल्या काही धड्यांत विद्यार्थ्याला तेच नाव भेटते.