सल्ला देण्याचा अधिकार : भारतातील मानसोपचार आणि समाजकार्य या व्यवसायांच्या नोंदणीचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/ डॉक्टर, वकील, परिचारिका यांची नावे कोणत्या ना कोणत्या परिषदेच्या नोंदवहीत असतात. मात्र दाराबाहेर ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्या व्यक्तीचे नाव कोठे तपासावे, या प्रश्नाला भारतात दीर्घकाळ उत्तर नव्हते. नोकरी आधी निर्माण झाली आणि तिचे नियम फार उशिरा आले. त्या विलंबाचा हा इतिहास.

२/ ब्रिटिश राजवटीतील १९१२ चा वेड्यांविषयीचा कायदा पाहिला, तर त्यात तीन पात्रे ठळक दिसतात : रुग्ण, डॉक्टर आणि दंडाधिकारी. रुग्णाला दाखल करण्याचा हुकूम दंडाधिकारी देत असे. रुग्णाशी बोलणारा, त्याच्या घरी जाऊन परिस्थिती समजून घेणारा प्रशिक्षित माणूस या कायद्याच्या कल्पनेतच नव्हता.

३/ असा माणूस पाश्चात्त्य रुग्णालयांत मात्र अवतरला होता. १९०५ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी रुग्णांसाठी समाजकार्यकर्तीची नेमणूक केली. औषध लिहून दिले तरी घरातले दारिद्र्य, व्यसन व कलह तसेच राहतात, हा त्यामागचा अनुभव होता.

४/ हा विचार मुंबईत रुजला तो नागपाड्यात. क्लिफर्ड मॅन्शर्ट या अमेरिकी मिशनऱ्याने १९२० च्या दशकात तेथे कामगार वस्तीसाठी ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ उभारले. सेवेसाठी केवळ सद्भावना पुरत नाही, पद्धतशीर शिक्षण लागते, या निष्कर्षाप्रत ते याच कामातून आले.

५/ १९३६ मध्ये टाटा न्यासाच्या साहाय्याने ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. मॅन्शर्ट हेच पहिले संचालक. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी होते. १९४४ मध्ये संस्थेचे नाव ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ झाले. आज देवनारमध्ये असलेली ‘टिस’ ती हीच.

६/ मानसिक आरोग्याशी या शिक्षणाचा संबंध लगेच जुळला. १९३७ मध्ये याच संस्थेने मुंबईत बालमार्गदर्शन केंद्र उघडले. भारतातील ते पहिले मानले जाते. शाळेत न रमणाऱ्या वा घरात अबोल झालेल्या मुलाचा विचार त्याच्या कुटुंबासह करण्याची पद्धत अशा केंद्रांनी आणली.

७/ पुढचा टप्पा नोकरीचा. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची पहिली नेमणूक झाली. महाराष्ट्राच्या शासकीय रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’ या नावाने ओळखले जाणारे पद याच परंपरेतले. १९५४ मध्ये बंगळूर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि मानसशास्त्रज्ञांना रुग्णालयीन प्रशिक्षणाचे केंद्र मिळाले. १९७४ मध्ये तिच्यातूनच ‘निम्हान्स’ आकाराला आली.

८/ म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातच शिक्षण होते, पदेही होती. नव्हती ती नोंदवही. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने १९१२ चा कायदा मोडीत काढला आणि मनोरुग्णालयांना परवाना सक्तीचा केला. पण हा परवाना संस्थेला होता. तेथे समुपदेशन करणाऱ्या माणसाची पात्रता कोण तपासणार, हा प्रश्न शिल्लक राहिला.

९/ पहिली राष्ट्रीय नोंदवही आली ती अनपेक्षित दारातून. १९९२ चा भारतीय पुनर्वास परिषद कायदा हा अपंग व्यक्तींच्या पुनर्वसनासाठी होता. वाचा-उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक यांच्याबरोबर चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञही त्याच्या कक्षेत आले. नोंदणीविना व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे.

१०/ यातून एक विचित्र भेद निर्माण झाला. ‘चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ’ ही संज्ञा कायद्याने संरक्षित झाली; ‘समुपदेशक’ आणि ‘थेरपिस्ट’ हे शब्द मोकळेच राहिले. वर्षानुवर्षे शिकलेला मनुष्य आणि चार दिवसांचे शिबिर केलेला मनुष्य, दोघेही तीच पाटी लावू शकत होते. समोर बसलेल्या दुःखी माणसाला त्यांच्यातला फरक कळण्याचा मार्ग नव्हता.

११/ देखरेख नसली की काय घडते, ते ६ ऑगस्ट २००१ रोजी देशाने पाहिले. तमिळनाडूतील एरवाडी येथे विनापरवाना चालणाऱ्या आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. २५ हून अधिक जण दगावले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. अडलेले कुटुंब उपचाराच्या नावाखाली कोणाच्याही स्वाधीन होते, हे त्या दुर्घटनेने दाखवले.

१२/ दरम्यान नोकऱ्या वाढत होत्या. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमातून १९९६ मध्ये चार जिल्ह्यांत जिल्हा कार्यक्रम सुरू झाला व पुढे देशभर पसरला. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, मनोविकृती समाजकार्यकर्ता आणि परिचारिका असे पथक त्यात अपेक्षित आहे. समाजकार्याच्या पदवीधराला शासकीय मानसिक आरोग्य सेवेचे दार जिल्हा पातळीवर उघडले ते येथे.

१३/ २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. मनोविकृती समाजकार्यकर्ता म्हणजे कोण, हे त्याने शैक्षणिक पात्रतेसह सांगितले : समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर पर्यवेक्षित रुग्णालयीन प्रशिक्षणासह दोन वर्षांचे एम.फिल. अशा व्यक्तींची नोंदणी करून यादी प्रसिद्ध करण्याचे काम राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर सोपवले.

१४/ उरलेल्यांना कायद्यात जागा मिळाली २०२१ मध्ये. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आणि राज्य परिषदा स्थापणाऱ्या त्या वर्षीच्या कायद्याने वर्तनविज्ञान व्यावसायिकांचा स्वतंत्र गट केला. पुनर्वास परिषदेच्या कक्षेबाहेरचे मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि वैद्यकीय व मनोविकृती समाजकार्यकर्ते त्यात आहेत. नागपाड्यातल्या पहिल्या वर्गापासून मोजले, तर या तरतुदीला ८५ वर्षे लागली.

१५/ नोंदणीमुळे सहृदयता येत नाही, हे खरे. पण नोंदवहीत नाव असले की चुकीचा जाब विचारण्यासाठी एक पत्ता मिळतो. आपले सर्वांत खाजगी दुःख अनोळखी माणसापुढे मांडणाऱ्याला एवढी हमी हवीच. म्हणून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुणाने प्रवेश घेण्यापूर्वी आणि मदत शोधणाऱ्याने पहिल्या भेटीपूर्वी एकच प्रश्न विचारावा : हे नाव कोणत्या नोंदवहीत आहे?