शियामेन विद्यापीठ : एका दात्याची शंभर वर्षांची कहाणी

शाळा काढणे सोपे, ती चालविणे कठीण, असे आपण नेहमी ऐकतो. कोनशिला बसते त्या दिवशी मंडप भरलेला असतो, हारतुरे होतात, देणग्यांचे आकडे वाचून दाखविले जातात. पुढे पाच-दहा वर्षांनी पगाराची तारीख जवळ येऊ लागली, की झोप उडते ती चिटणीसांची. दात्याचे दिवस फिरले तर संस्थेचे काय होते? या प्रश्नाचे एक उत्तर चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर, फूज्यान प्रांतातील शियामेन बेटावर पाहावयास मिळते. जुन्या पुस्तकांत या शहराचे नाव अमॉय असे आढळते.

तेथील विद्यापीठाचे संस्थापक तान काह-की यांचा जन्म १८७४ साली शियामेनजवळच्या जिमेई या कोळ्यांच्या गावी झाला. सोळाव्या वर्षी ते सिंगापूरला वडिलांच्या तांदळाच्या पेढीवर गेले. पुढे वडिलांचा धंदा बुडाला. वडिलांचे कर्ज फेडण्याचे बंधन कायद्याने मुलावर नव्हते, तरी तान यांनी ते फेडले. डबाबंद अननस, मग रबराचे मळे आणि कारखाने अशी पायरीपायरीने प्रगती करीत ते आग्नेय आशियातील बड्या उद्योगपतींपैकी एक झाले. हाती पैसा येताच १९१३ साली त्यांनी आपल्या गावी प्राथमिक शाळा काढली. पण शाळेला शिक्षक हवेत, म्हणून शिक्षक तयार करणारे विद्यालय काढले. आणि उच्च शिक्षणासाठी विद्यापीठ हवे हे दिसताच तेही काढण्याचे ठरविले. एक गरज दुसरीला जन्म देत गेली, तसे त्यांचे कार्य वाढत गेले.

१९१९ साली तान यांनी विद्यापीठासाठी चाळीस लाख युआन देण्याचे जाहीर केले. दहा लाख उभारणीसाठी आणि तीस लाख बारा वर्षांच्या खर्चासाठी. त्या काळी त्यांची सारी मालमत्ताच जवळजवळ तेवढी होती, असे सांगतात. ६ एप्रिल १९२१ रोजी जिमेईच्या शाळेच्या उसन्या इमारतींत विद्यापीठ सुरू झाले. कोनशिलेसाठी त्यांनी ९ मे हा दिवस मुद्दाम निवडला. १९१५ साली याच दिवशी चीनला जपानच्या अपमानास्पद मागण्यांपुढे मान तुकवावी लागली होती. अपमानाचे उत्तर ज्ञानाने द्यावयाचे, हा त्यामागील भाव. जागाही तशीच निवडली. सतराव्या शतकात डचांना तैवानमधून हुसकावून लावणाऱ्या कोशिंगा या सेनानीचे सैन्य जेथे कवायत करी, ते समुद्राकाठचे मैदान.

त्याच वर्षी सिंगापूरचे नामवंत डॉक्टर लिम बून केंग यांनी कुलगुरुपद स्वीकारले आणि सोळा वर्षे सांभाळले. सारे गोडीगुलाबीनेच चालले असे मात्र नाही. चीनचे थोर लेखक लू शुन १९२६ च्या सप्टेंबरात येथे शिकवावयास आले आणि चारेक महिन्यांतच नाराज होऊन निघून गेले. तरीही पुढे त्याच विद्यापीठाने लू शुन यांचे स्मारक-संग्रहालय आपल्या आवारात उभारले. टीकाकाराचाही मान राखणे हे जिवंत संस्थेचे लक्षण होय.

खरी कसोटी पुढे लागली. १९२९ च्या जागतिक मंदीत रबराचे भाव कोसळले. १९३१ साली तान यांची पेढी सावकार बँकांच्या दडपणाखाली मर्यादित कंपनी झाली आणि १९३४ साली बंद पडली. शाळांचा खर्च आवरा, म्हणजे धंदा सावरेल, असा सल्ला त्यांना मिळत होता. तान यांनी तो मानला नाही. मुलांच्या नावे असलेली घरे विकून त्यांनी विद्यापीठाला पैसा पाठविला, असे सांगितले जाते. अखेर १९३७ साली त्यांनी विद्यापीठ सरकारच्या स्वाधीन केले, तेही विनाअट. आरंभ आपण केला, पण शेवटपर्यंत नेता आले नाही, ही खंत त्यांच्या मनात राहिली.

मला वाटते, त्यांच्या मोठेपणाची खूण येथेच आहे. चाळीस लाख देणारा दानशूर खराच. पण आपल्या हातून संस्था चालत नाही असे दिसताच ती मरू न देता दुसऱ्याच्या हाती सोपविणारा त्याहून मोठा. विद्यापीठाला त्यांनी स्वतःचे नावही दिले नव्हते. ते गावाच्या नावाने ओळखले जात होते, म्हणून गावाचेच राहिले.

त्याच वर्षी जपानने चीनवर आक्रमण केले. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चिनी जखमींच्या शुश्रूषेस गेले, ते याच युद्धात. नवे कुलगुरू सा बेनदोंग यांनी विद्यापीठ डोंगराळ मुलखातील चांगतिंग या गावी हलविले. मागोमाग १९३८ च्या मे महिन्यात शियामेन जपान्यांच्या हाती पडले. चांगतिंगला जुन्या देवळांत आणि साध्या घरांत वर्ग भरत. मुलांच्या अभ्यासाला दिवे हवेत म्हणून कुलगुरूंनी आपल्या मोटारीचे इंजिन काढून वीज निर्माण केली, ही आठवण तेथे आजही सांगतात. शियामेनला परतावयास १९४६ साल उजाडले.

वृद्ध तान १९५० साली कायमचे मायदेशी आले. स्वतःची तिजोरी रिकामी होती, म्हणून त्यांनी जावई ली काँग-च्यान यांच्याकडून पैसा उभा केला आणि बांधकामावर जातीने देखरेख ठेवली. समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या, चिनी छपरांच्या आणि पाश्चात्त्य धाटणीच्या भिंतींच्या त्या इमारती आजही पाहणाऱ्याला थांबवितात. १९६१ साली तान निवर्तले. १९५३ साली येथून पदवी घेतलेल्या चेन जिंगरुन या गरीब घरच्या गणितज्ञाने गोल्डबाखच्या कूटप्रश्नावरील कार्याने पुढे जगात नाव मिळविले. १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत इतर विद्यापीठांप्रमाणे येथलेही अध्यापन विस्कळीत झाले. त्यातूनही विद्यापीठ सावरले.

२०१६ साली या विद्यापीठाने मलेशियात आपले संकुल उघडले. ज्या मुलखातील रबराच्या मळ्यांच्या पैशावर ते उभे राहिले, त्याच मुलखात ते शिकवावयास गेले. २०२१ साली विद्यापीठाला शंभर वर्षे पूर्ण झाली. तान यांची पेढी मात्र १९३४ सालीच मिटली होती.

वाचकहो, पेढी बुडाली आणि विद्यापीठ तरले, ते एकट्या दात्याच्या पैशामुळे नव्हे. डॉक्टरकी सोडून आलेले लिम, मोटारीचे इंजिन देणारे सा, सासऱ्यांच्या शब्दाला जागणारे ली, अशी माणसे एकामागून एक पुढे आली म्हणून ते तरले. पहिली देणगी एकाची असते. पुढची शंभर वर्षे सर्वांनी मिळून द्यावयाची असतात.